गंजून पडलेलं नॅरोगेज इंजिन, १:४८ : बांधणी आणि गंजकाम

रुळजोड

हा धागा फक्त न चालणाऱ्या मॉडेलसाठी आहे. शेडमागच्या मोडक्या सायडिंगवर वर्षानुवर्षं उभं राहिलेलं वाफेचं इंजिन असं दृश्य करायचं आहे. मोटर नाही, त्यामुळे सगळा वेळ पत्रा, रिबिट आणि गंज यांनाच देता येतो.

बडोद्यात नॅरोगेज म्हटलं की डभोईच डोळ्यांसमोर येतं. डभोई-मियागाम मार्गावर १८६२ साली बैल डबे ओढत. रूळ बदलून दणकट झाले १८७३ साली, पण वाफेची इंजिनं नियमित धावू लागली ती १८८० पासून. गेज, म्हणजे दोन रुळांमधलं अंतर, २ फूट ६ इंच, म्हणजे ७६२ मिमी. ७६२ भागिले ४८ केलं की १५.९ मिमी येतात आणि बाजारात मिळणारा तयार एचओ (१:८७ मॉडेलचा) रूळ १६.५ मिमीचा असतो. हा फरक डोळ्याला दिसत नाही, म्हणून १:४८ घ्या. १:८७ मध्ये ९ मिमीचा एन (त्याहून लहान मापाचा) रूळ चालतो, पण गंजकामाला तेवढं लहान मॉडेल घेऊ नये असं माझं ठाम मत आहे. गळालेली कड दाखवायला त्यात जागाच उरत नाही. रूळ कोड ७० चा घ्या (कोड म्हणजे रुळाची उंची, इंचाच्या हजाराव्या भागांत). त्याची उंची १.७८ मिमी, खऱ्यात ८५ मिमी, हलक्या नॅरोगेज रुळाला ती शोभते. कोड १०० चा रूळ इथे फार जाड दिसतो.

इंजिन २-६-२ ठेवणीचं धरलं आहे, म्हणजे पुढे दोन लहान चाकं, मध्ये सहा चालक, मागे दोन लहान. या बाजूला झेडबी वर्गाची इंजिनं याच ठेवणीची होती, पण ही हुबेहूब प्रतिकृती नाही. चालक चाकं १८ मिमी व्यासाची, खऱ्यात सुमारे ८६५ मिमी.

बॉयलरसाठी वायरिंगचा २० मिमी बाह्य व्यासाचा पीव्हीसी पाइप. त्यावर ०.५ मिमी स्टायरीन (मॉडेलकामाची प्लास्टिक शीट) गुंडाळलं की २१ मिमी, खऱ्यात एक मीटरच्या जवळपास. शीटची रुंदी ६५ मिमी कापा, गुंडाळून बघा आणि जास्तीचं घासून काढा. हिशोबाने ती ६४.४ येते. शीट सरळ गुंडाळली तर शिवणीपाशी उघडत राहते. म्हणून आधी १५ मिमीच्या दांडीवर कापडी पट्टीने घट्ट बांधा, गरम पाण्यात (उकळत्या नाही) दोन मिनिटं धरा आणि लगेच गार पाण्यात घाला. शिवण खालच्या बाजूला ठेवा. स्टायरीनचं लिक्विड सिमेंट पीव्हीसीवर भरवशाने धरत नाही. पाइप २२० नंबरच्या पॉलिशपेपरने खरबरीत करून फेविक्विकने चिकटवा.

रिबिटांसाठी ०.२५ मिमी शीट मऊ रबरावर उलटी ठेवून बोथट सुईने मागून दाबा. अंतर १.५ मिमी. स्टीलची पट्टी टेपने पक्की करून तिच्या कडेनेच दाबत जा. एखादं रिबिट जरी रेषेबाहेर गेलं तरी ते लांबून दिसतं आणि गंज चढवल्यावर जास्तच उठून दिसतं.

रंगाला हात लावण्याआधी कागदावर दोन गोष्टी लिहून काढा: इंजिनातलं काय काय काढून नेलं आहे आणि पावसाचं पाणी कुठून शिरतं, कुठे साचतं, कुठून गळतं. पुढची प्रत्येक पायरी या कागदावरून ठरते. ज्या मॉडेलवर गंज खोटा वाटतो, तिथे बहुतेक वेळा गंज सगळीकडे सारखा शिंपडलेला असतो.

---

वाफ_आणि_कोळसा

शेवटच्या परिच्छेदाला जोडून थोडं लिहितो, कारण वाफेच्या इंजिनाचा प्रत्येक भाग वेगळ्या कारणाने सडतो.

स्मोकबॉक्स, म्हणजे धुराड्याखालची बॉयलरच्या पुढची पेटी, सगळ्यात आधी जातो. आत साचलेल्या राखेत गंधक असतं, त्यात पाणी मिसळलं की आम्ल तयार होतं आणि तळाचा पत्रा आतून खाल्ला जातो. भोकं तळाला आणि दरवाज्याच्या खालच्या कडेला दाखवा, वरच्या अर्ध्या भागात नकोत. धुराड्यावर झाकण नसेल तर पाऊस थेट आत येतो, म्हणजे दरवाज्याच्या खालच्या फटीतून काळपट तपकिरी ओघळ पाहिजेच. स्मोकबॉक्सवरचा रंग चालू इंजिनातच उष्णतेने जळतो, त्यामुळे तिथे पापुद्रे नसतात. एकसारखा, कोरडा, गडद तपकिरी गंज असतो.

बॉयलरचा जो पत्रा आपल्याला दिसतो तो बॉयलर नव्हेच, ते वरचं पातळ आवरण असतं. आवरण आणि बॉयलर यांच्यामध्ये अ‍ॅस्बेस्टॉसची गादी. पाणी शिरलं की गादी ओल धरून ठेवते आणि आवरण खालच्या बाजूने, पट्ट्यांच्या कडेने सडतं.

टेंडरच्या (इंजिनामागच्या कोळसा-पाण्याच्या डब्याच्या) टाकीचा तळ आणि तळाची रिबिटांची ओळ आतून गंजते. कोळशाच्या जागेत कोळसा घासून रंग आधीच गेलेला असतो, तिथे रंगाचे पापुद्रे काढू नका.

तांबं आणि पितळ गंजत नाही, आणि टाकून दिलेल्या इंजिनावर ते फारसं उरतही नाही. इंजेक्टर, प्रेशर गेज, शिटी, तांब्याच्या नळ्या भंगाराच्या भावामुळे आधी जातात. तेव्हा त्या बनवण्यात वेळ घालवू नका, त्यांच्या रिकाम्या फ्लँज, बोल्टची भोकं आणि कापलेल्या नळीचं तोंड बनवा. एखादी नळी उरलीच असेल तर तिच्यावर हिरवट काळा थर, नारिंगी नको.

कनेक्टिंग रॉड बहुधा सुटा करून ठेवलेला असतो, कारण मेलेलं इंजिन ओढून नेताना तो काढतात. क्रँकपिन (रॉड अडकतो ती चाकावरची पिन) उघडी ठेवा. तिच्याभोवती जुनं ग्रीस धुळीत कालवून काळं झालेलं असतं, गंज तिथे सगळ्यात उशिरा पोचतो. अ‍ॅक्सलबॉक्सपाशीही तेच.

---

पत्रेवाला

सडलेल्या आवरणाबद्दल.

खरा पत्रा १.६ मिमी धरला तर १:४८ मध्ये तो ०.०३ मिमी होतो. स्टायरीनला कितीही घासलं तरी तेवढं पातळ होत नाही. जेवणाच्या पार्सलची अ‍ॅल्युमिनियमची वाटी कापून घ्या, तिचा पत्रा या कामाला नेमका बसतो. घरातली पोळीची फॉइल फार पातळ असते, नुसत्या ब्रशनेही चुरगळते.

भोक जिथे हवं तिथे स्टायरीनचं आवरण भोकापेक्षा चारी बाजूंनी ३ मिमी जास्त कापून टाका. त्या खिडकीवर वाटीचा पत्रा चिकटवा. मग सुईने बारीक बारीक भोकं पाडत ती एकमेकांना जोडा आणि कड चिमट्याने किंचित बाहेर वळवा. कात्रीने कापलेली कड कापल्यासारखीच दिसते. आत गादीसाठी टिश्यू पेपर पाणी घातलेल्या फेविकॉलमध्ये भिजवून बोळ्याने दाबा. रंग करडा पांढरा, खालच्या अंगाला गंजाचा डाग.

अ‍ॅल्युमिनियमवर रंग धरत नाही. आधी ४०० चा पॉलिशपेपर हलक्या हाताने, मग गाडीच्या कामाचा करडा स्प्रे प्रायमर. हे चुकवलं तर पुढे मास्किंग टेप काढताना रंगाची अख्खी पट्टी टेपबरोबर येते.

कॅबचं छप्पर स्टायरीनचंच ठेवायचं असेल तर फक्त कडा मागून ब्लेडने खरवडून पातळ करा, उजेडासमोर धरल्यावर कड पारभासी दिसेपर्यंत. समोरून जाडी दिसत नाही आणि ताकद टिकते.

---

करडी_रेघ

प्रश्न आहे. गंजाचा थर, त्यावर हेअर स्प्रे, त्यावर अ‍ॅक्रेलिकचा काळा रंग, म्हणजे पाण्याने स्प्रे सुटून काळ्याचे टवके उडावेत आणि खालचा गंज दिसावा. ओल्या ब्रशने घासल्यावर काळा रंग कणाकणाने न निघता पाच-सात मिमीच्या रबरासारख्या सालींनी निघतो. दुसऱ्या बाजूला, टेंडरवर, अजिबातच निघत नाही. क्रम तर सगळा बरोबर केला होता. काय चुकतं आहे?

---

रुळजोड

करडी_रेघ ताई, हे दोन वेगळे दोष आहेत.

साल निघते कारण ट्यूबमधला चित्रकलेचा अ‍ॅक्रेलिक जाड लागला की वाळल्यावर लवचिक पापुद्रा बनतो. एका टोकाला सुटला की तो ओढला जातो, तुटत नाही. रंग १ भाग, पाणी २ भाग असा पातळ करा आणि एअरब्रशने दोन विरळ थर द्या. एअरब्रश नसेल तर स्पंजच्या तुकड्याने टिपत लावा. याहून सोपा उपाय म्हणजे पोस्टर कलर. अ‍ॅक्रेलिक १ भाग आणि पोस्टर कलर २ भाग. पोस्टर कलर वाळल्यावरही पाण्याने सुटतो आणि कणाकणाने निघतो. मात्र काम संपल्याबरोबर मॅट वॉर्निश मारून तो बंद करावाच लागतो, नाहीतर पुढच्या ओल्या थरात विरघळतो.

टेंडरवर निघत नाही त्याची कारणं दोनच असू शकतात. एक तर रंग थिनरने किंवा स्पिरिटने पातळ केला असेल. हेअर स्प्रे त्यात विरघळतो, त्यामुळे दोन्ही थर एकजीव होतात. नाहीतर घासायला उशीर झाला असेल. रंग हाताला कोरडा लागला की अर्ध्या तासाच्या आत सुरुवात करा, रात्रभर ठेवू नका.

वेळापत्रक असं धरा. गंजाचा थर झाला की मॅट वॉर्निश आणि २४ तास विश्रांती. हे वॉर्निश नसेल तर घासताना काळ्याबरोबर गंजही निघून खालचा प्रायमर दिसतो. मग हेअर स्प्रे २०-२५ सेंमी अंतरावरून, दोन थर, २० मिनिटं वाळू द्या. वरचा रंग. मग कोमट पाणी फक्त तळहाताएवढ्या जागेत लावा, अर्धा मिनिट थांबा आणि केस आखूड कापलेल्या ताठ ब्रशने टोचत जा, घासू नका.

आणि प्रमाण विसरू नका. मॉडेलवरचा १ मिमी म्हणजे खऱ्यातला ४८ मिमी. १ मिमीचा टवका खऱ्या इंजिनावर जवळजवळ दोन इंचांचा होतो. बहुतेक टवके ०.३ मिमीच्या आतच हवेत, आणि तेही पायऱ्या, हातकठड्यांची मुळं, दरवाज्याच्या बिजागऱ्या, रिबिटांची डोकी इथेच. अधूनमधून एखादा मोठा पापुद्रा कॅबच्या बाजूला शोभतो.

वरचा काळाही शुद्ध काळा नको. उन्हात काळा रंग करडा पडतो. काळा ४, पांढरा १ आणि चिमूटभर यलो ऑकर, आडव्या पृष्ठभागांवर पांढरा थोडा अजून.

---

गेरू

गंजाच्या खालच्या थराबद्दल कोणी लिहिलं नाही म्हणून.

गंजाची सुरुवात नारिंगीपासून करू नका. खालचा थर बर्न्ट अंबर ३, काळा १. सगळीकडे, सपाट. त्यावर बर्न्ट सिएना भांडी घासायच्या फाटलेल्या स्पंजने टिपा, साधारण ६० टक्के जागेवर. मग बर्न्ट सिएना २ आणि यलो ऑकर १, निम्म्या जागेवर, लहान टिपक्यांनी. उजळ नारिंगी सगळ्यात शेवटी आणि एकूण जागेच्या पाच टक्क्यांहून कमी. जुना गंज गडद असतो. नारिंगी दिसतो तो ताजा, पाणी अजून जिथे पोचतं तिथला.

बडोद्यात फाइन आर्ट्सची फॅकल्टी असल्यामुळे हे सगळे रंग रावपुऱ्याकडे सुटे, एकेक ट्यूब मिळतात. पूर्ण संच घ्यायची गरज नाही.

सुक्या रंगासाठी गेरू. पूजेच्या सामानाच्या दुकानात मिळतो. तो लोहाचाच ऑक्साइड आहे, म्हणजे गोत्र एकच, पण नुसता लावला तर तुळशीवृंदावन रंगवल्यासारखा लाल दिसतो. गेरू २, बर्न्ट अंबरची सुकी पूड १, मुलतानी माती १. खलात घोटा आणि मलमलीच्या दुहेरी कापडातून चाळा. न चाळलेल्या गेरूचा एक खडा १:४८ मध्ये विटेच्या तुकड्याएवढा दिसतो.

खरा गंजही वापरता येतो. जुन्या ग्रिलवरचा गंज खरवडून, खलून, तसाच चाळायचा. रंगात त्याला तोड नाही, कारण एकाच चिमटीत चार छटा असतात.

---

वाफ_आणि_कोळसा

सुक्या, चाळलेल्या गंजाला माझी हरकत नाही. पण स्टील वूल व्हिनेगरमध्ये भिजवून किंवा लोखंडाचा कीस चिकटवून त्यावर मीठ-व्हिनेगर शिंपडण्याची पद्धत हल्ली फार दिसते, तिच्याबद्दल सावध करतो. मीठ मागे राहिलं तर वॉर्निशखालीही गंज चालू राहतो. सहा महिन्यांत रंग सरकतो, शेजारच्या पांढऱ्या भागावर पिवळा डाग उतरतो, वॉर्निश फुगतं. करायचंच असेल तर मिठाशिवाय करा, फक्त व्हिनेगरचं पाणी, आणि हव्या त्या छटेला आलं की डिस्टिल्ड पाण्याने दोनदा धुऊन पूर्ण सुकवा. चालत्या मॉडेलजवळ लोखंडाचा कीस नकोच, मोटरच्या चुंबकाला जाऊन चिकटतो.

---

गेरू

मान्य. कीस फक्त स्मोकबॉक्सच्या तळाला, जिथे गंजाचे थर सोलून आलेले दाखवायचे तिथे. बाकी सगळीकडे रंगच.

---

मांजलपूरकर

हवामानाचं बोलायला हवं, कारण आपल्याकडे अर्धं काम त्यावर बिघडतं.

पावसाळ्यात मॅट वॉर्निशचा स्प्रे मारू नका. फवाऱ्याबरोबर पृष्ठभाग गार होतो, हवेतली ओल त्यावर बसते आणि सगळं मॉडेल दुधाळ पांढरं पडतं. पडलंच तर घासू नका. हवा कोरडी होईपर्यंत थांबा, ग्लॉसचा एक पातळ थर द्या, बहुतेक वेळा पांढुरकेपणा जातो, मग पुन्हा मॅट.

मिठाच्या पद्धतीचंही तसंच. ओल्या पृष्ठभागावर जाडसर कुटलेलं खडेमीठ टाकून वर रंग मारायचा आणि वाळल्यावर मीठ झटकायचं, हे कोरड्या दिवसांत उत्तम होतं. जुलै-ऑगस्टमध्ये मिठाला पाणी सुटतं, खड्यांच्या कडा विरघळतात आणि टवक्यांऐवजी फेंगडे डाग मिळतात.

मे महिन्यात अडचण उलटी असते. चाळीसच्या वर पारा गेला की रंग हवेतच वाळतो आणि पृष्ठभागावर वाळूसारखा खरखरीत बसतो. सकाळी आठच्या आत फवारणी उरका. उत्तरायणपासून होळीपर्यंतचे दिवस या कामाला सगळ्यात चांगले.

---

करडी_रेघ

पोस्टर कलरचा उपाय लागू पडला, टवके आता बारीक आणि कोरडे येत आहेत. पुढचं विचारते. ओघळ काढताना रेघ ब्रशने ओढल्यासारखी दिसते. आणि नंबरप्लेटचं काय करावं?

---

रुळजोड

ओघळांसाठी तैलरंग. बर्न्ट अंबर आणि बर्न्ट सिएना पुठ्ठ्यावर काढून दीड-दोन तास ठेवा. पुठ्ठा तेल शोषून घेतो आणि रंग वाळल्यावर चकाकत नाही. रिबिटाखाली किंवा फटीच्या तोंडाशी टाचणीच्या डोक्याएवढा ठिपका ठेवा, पाच मिनिटं थांबा. सपाट ब्रश टर्पेंटाइनमध्ये बुडवून कापडाला जवळजवळ कोरडा पुसा आणि वरून खाली, एकदाच. रेघ ओढल्यासारखी दिसते कारण ब्रश ओला असतो किंवा दोन्ही कडा पुसलेल्या नसतात. ओघळाची एक कड स्वच्छ ब्रशने आत ढकला, दुसरी तशीच ठेवा. लांबी एकसारखी नको. टाकीच्या बाजूला दहा रिबिटं असतील तर तिघांनाच ओघळ द्या, एक लांब, दोन तोकडे. बॉयलरवर ओघळ गोलाईने उतरतो आणि पट्टी आली की तिच्या वरच्या कडेला अडून आडवा पसरतो, मग पट्टीच्या टोकाकडून पुढे जातो. हे आडवं पसरणं विसरू नका.

नंबरप्लेट पितळेची, म्हणजे ती गेलेली. रंग चढवण्याआधी कॅबच्या बाजूला १२ बाय ५ मिमीचा मास्किंग टेपचा तुकडा लावा, खऱ्यात साधारण २३ इंच बाय ९. उन्हाने करडा पडलेला काळा चढवून झाला की टेप काढा आणि त्या चौकटीत जवळजवळ शुद्ध काळा, किंचित चकाकणारा रंग भरा. प्लेटखालच्या रंगाला ऊन लागलेलंच नसतं. चारही कोपऱ्यांत ०.४ मिमीच्या ड्रिलने बोल्टची भोकं, आणि चारपैकी दोनांतूनच गंजाचा बारीक ओघळ खाली, चौकट ओलांडून करड्या रंगावर आलेला. चौकटीच्या वरच्या कडेला, जिथे प्लेट आणि पत्रा यांच्यात धूळ साचत होती, एक केसाएवढी फिकट रेघ. पूर्ण इंजिनात सगळ्यात आधी नजर इथे थांबते. एवढ्या जागेला एक संध्याकाळ दिली तरी हरकत नाही.

---

पत्रेवाला

प्लेटच्या चौकटीत एका कोपऱ्याला पत्रा किंचित वाकवा. छिन्नी घालून प्लेट उचकटली की तसा दबतो.

---

मांजलपूरकर

जमिनीबद्दल. इंजिनाच्या खालच्या भागावरची धूळ आणि आजूबाजूची माती एकाच डब्यातली पाहिजे. डभोईकडची माती कानम पट्ट्यातली काळी, ती सुकल्यावर करडी होते, तांबडी नव्हे. बाजारातल्या तयार विदेशी धुळीच्या पुड्या बऱ्याचशा वाळवंटी पिवळ्या असतात, त्या इथे परक्या वाटतात. शेतातली मूठभर माती तव्यावर वीस मिनिटं भाजून घ्या, आतली अंडी-बुरशी मरते, मग चाळून घ्या. अर्धी माती जमिनीला, अर्धी चाकं आणि फ्रेमला सुकी लावायला. उन्हाळ्याचं दृश्य असेल तर मातीला भेगा हव्यातच. फेविकॉल १, पाणी १, भांड्याच्या साबणाचा एक थेंब. साबण नसेल तर मिश्रण मातीवर गोळ्या होऊन घरंगळतं.

झाडोरा: रुळांमध्ये गाजरगवत आणि आघाडा, टेंडरच्या कडेला रुई, मागे वेडी बाभूळ. धुराड्याच्या तोंडात किंवा कॅबच्या छपराच्या फटीत पिंपळाचं एक लहान रोप चालेल. एकच. पानं कागदाची, पंचिंगने काढून टोकाशी चिमटलेली.

---

वाफ_आणि_कोळसा

चाकांचं एक राहिलं. चालू इंजिनाचं चाक रुळाला टेकतं ती पट्टी चकचकीत असते. टाकलेल्या इंजिनाची ती पट्टी उघडं पोलाद असल्यामुळे पहिल्याच पावसात एकसारखी गंजते. तिथे चांदी रंग अजिबात नको, रुळाच्या माथ्यावरही नको. आणि इंजिन बसवताना चाकं रुळावर नुसती ठेवू नका. चाक टेकतं तिथे रूळ आणि चाक यांना एकच गंजाचा रंग, जोड बुजेल असा. सहा चालक चाकांपैकी एका जोडीखालचा स्लीपर कुजून रूळ अर्धा मिमी खचलेला दाखवला तर आख्खं इंजिन एका अंगाला कलतं. कलवणार असाल तर ओघळ काढण्याआधी कलवा. पाणी ओळंब्याने उतरतं, इंजिनाच्या रेषेने नाही.

---

करडी_रेघ

म्हणजे आधी तळ, मग ओघळ. टेंडरचे ओघळ काढून झाले आहेत, ते टर्पेंटाइनने निघतील का?

---

रुळजोड

खाली मॅट वॉर्निश असेल आणि दोन दिवस उलटले नसतील तर निघतात. कापसाच्या काडीने, खालून वर, काडी दर वेळी बदलून. आधी टाकीच्या मागच्या बाजूला, दिसणार नाही अशा जागी करून बघा.